वाळवंटातले चार पाइप
अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटात काँक्रीटचे चार अजस्र पाइप फुलीच्या आकारात मांडलेत. लांबी १८ फूट, वजन प्रत्येकी २२ टन. लांबून वाटेल, कंत्राटदार ड्रेनेजचं काम अर्धवट टाकून पळाला! पण हे कलाकार नॅन्सी होल्ट यांचं 'सन टनेल्स' हे शिल्प, १९७६ साली पूर्ण झालेलं. २१ जून आणि २१ डिसेंबरच्या आसपास उगवता-मावळता सूर्य बरोब्बर या पाइपांतून दिसतो. मला मात्र त्यांवरची भोकं जास्त आवडतात. कालेय, ययाती, कपोत आणि मकर या तारकासमूहांबरहुकूम ती पाडलीत. तारा जितका तेजस्वी, तितकं भोक मोठं. भर उन्हात आत उभं राहिलं की पायाशी उजेडाचे ठिपके पडतात आणि सूर्याबरोबर सरकत राहतात. जाणार असाल तर पाणी-पेट्रोल भरपूर घ्या, जवळचं ल्युसिन गाव कधीच ओस पडलंय.