दोन दारांचा तंबू

ऑक्टोबर १९५३. कोरियात, पानमुनजोमजवळच्या निर्लष्करी पट्ट्यात तंबू ठोकलेले आहेत. एकात चिनी युद्धकैद्याला आणून बसवतात. समोर त्याच्याच देशातून आलेले अधिकारी, बाजूला पाच देशांचे प्रतिनिधी, दुभाषे आणि निरीक्षक. अधिकारी सांगतात, घरी चल, तुला माफी आहे, आईवडील वाट पाहतायत. कैदी ऐकतो, किंवा कानांवर हात ठेवून घोषणा देत राहतो. मग त्याने उठायचे. तंबूला बाहेर पडायला दोन दारे आहेत. एका दारातून गेला तर मायदेश, दुसऱ्यातून गेला तर पुन्हा छावणी, आणि तिथून पुढे बहुधा तैवान.

साम्यवाद कुठवर पसरू द्यायचा यावरून दोन महासत्तांनी मांडलेले युद्ध अखेर एका माणसाच्या चार पावलांवर येऊन थांबले होते. कितीही वेळा वाचले तरी मला याचे नवल वाटते.

मुळात कोरियाच्या फाळणीची आखणीच किती घाईची! १० ऑगस्ट १९४५च्या रात्री, जपान शरण येणार हे दिसू लागल्यावर, वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन कर्नलांना कोरियाची वाटणी सुचवायला सांगितले. हाताशी नॅशनल जिऑग्राफिकचा नकाशा होता आणि वेळ अर्ध्या तासाचा. त्यांनी ३८व्या अक्षांशावर बोट ठेवले, कारण सोल दक्षिणेत राहत होते. रशियाने ते मान्य केले. डोंगर, नद्या, गावे कशाचाही विचार न करता ओढलेल्या त्या रेषेच्या दोन बाजूंना तीन वर्षांत दोन सरकारे उभी राहिली, आणि दोघांचाही दावा अख्ख्या कोरियावर.

२५ जून १९५०ला उत्तरेच्या फौजा दक्षिणेत घुसल्या. उत्तरेचा नेता किम इल-सुंगने त्यासाठी स्टालिनकडे किती खेटे घातले आणि स्टालिनने कधी होकार दिला, हे सोव्हिएत कागदपत्रे उघडल्यावर जगाला कळले. पण स्टालिनला अमेरिकेशी उघड लढायचे नव्हते. १९४९च्या ऑगस्टपासून अणुबॉम्ब दोघांकडेही होता. म्हणून या युद्धात प्रत्येकाने दुसरेच नाव लावले. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन याला युद्ध न म्हणता पोलिसी कारवाई म्हणाले, आणि त्यांच्या फौजा संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली लढल्या. ऑक्टोबरमध्ये यालू नदी ओलांडून लाखोंनी आलेले चिनी सैन्य कागदोपत्री 'स्वयंसेवक' होते, म्हणजे चीन युद्धात नव्हताच. आणि आकाशात मिग-१५ उडवणारे अनेक वैमानिक रशियन होते. त्यांची विमाने चिनी आणि उत्तर कोरियाई खुणांनी रंगवलेली असत, आणि रेडिओवर रशियन बोलायला त्यांना मनाई होती. जिवावर बेतल्यावर माणूस मातृभाषेतच ओरडतो, त्यामुळे ती मनाई टिकली नाही. अमेरिकेला सारे कळत होते, तरी तीही गप्प राहिली. रशियन आपली विमाने पाडतायत हे जाहीर झाले असते तर पुढचे महायुद्ध थोपवणे अवघड झाले असते. दोन शत्रूंनी मिळून एक गुपित सांभाळावे, हा माझ्या मते शीतयुद्धाचा गाभा आहे.

या सोंगाची किंमत कोरियनांनी मोजली. एका वर्षात सोलचा ताबा चार वेळा बदलला. जुलै १९५१मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या तेव्हा आघाडी जवळजवळ ३८व्या अक्षांशावरच परत आली होती. तरी आणखी दोन वर्षे माणसे मरत राहिली, आणि त्यातला मोठा काळ एकाच मुद्द्यापायी गेला, तो म्हणजे युद्धकैदी.

१९४९चा जिनिव्हा करार सांगतो की लढाई थांबली की कैदी घरी पाठवा. अमेरिका म्हणाली, ज्याला जायचे नाही त्याला जबरदस्तीने पाठवणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर परत धाडलेल्या सोव्हिएत कैद्यांचे स्टालिनने काय केले, ते ट्रुमनना आठवत होते. आणि हजारो चिनी सैनिक माओकडे जायला नकार देतायत, यापेक्षा मोठा प्रचार तो कुठला? पण कैद्यांची इच्छा ओळखायची कशी? चिनी कैद्यांपैकी बरेच जण आधी माओविरुद्ध लढणाऱ्या, पुढे तैवानला गेलेल्या च्यांग कै-शेकच्या सैन्यात होते. १९४९मध्ये ते सैन्य हरल्यावर लाल सैन्यात ओढले गेलेले. छावण्यांमध्ये दोन्ही पक्षांच्या टोळ्यांचे राज्य होते. कित्येकांच्या अंगावर साम्यवादविरोधी घोषणा जबरदस्तीने गोंदवल्या गेल्या. त्या कातडीनिशी चीनमध्ये परतायचे धाडस कोण करणार?

या पेचातून वाट काढण्यासाठी भारताने नोव्हेंबर १९५२मध्ये संयुक्त राष्ट्रांत ठराव मांडला. कृष्ण मेनन यांनी घडवलेला तो तोडगा संयुक्त राष्ट्रांनी मान्य केला, पण मॉस्को आणि पेकिंगने फेटाळला. मार्चमध्ये स्टालिन वारला, हवा पालटली, आणि २७ जुलै १९५३च्या शस्त्रसंधीत बरीचशी तीच कल्पना उतरली. घरी जायला नकार देणारे कैदी पाच तटस्थ देशांच्या आयोगाकडे द्यायचे. अध्यक्ष भारताचे जनरल थिमय्या आणि कैदी सांभाळायला भारतीय सैन्य. त्या सैन्याचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. दक्षिणेचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीयांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू द्यायला साफ नकार दिला, तेव्हा जवानांना इंचॉनहून हेलिकॉप्टरांनी थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. त्यांनी आपल्या तळाला नाव दिले हिंद नगर.

साडेबावीस हजारांहून जास्त कैदी त्यांच्या ताब्यात आले, आणि ते भारतीयांना साम्यवाद्यांचे हस्तक समजत होते. सप्टेंबरमध्ये खवळलेल्या कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत ओढून नेले. थोरात स्वतः आत गेले आणि गोळीबाराची वेळ न येऊ देता, बोलून, त्याला बाहेर घेऊन आले. एक गोळी सुटली असती तर शस्त्रसंधीचे काय झाले असते, याचा विचार केला की अंगावर काटा येतो.

नव्वद दिवस समजावणीची मुदत होती. प्रत्यक्षात तंबू मोजकेच दिवस चालले, आणि बहुसंख्य कैदी तिथे कधी आलेच नाहीत. मायदेशी परतायचे ठरवणारे साडेसहाशेच्या आत. चौदा हजारांहून जास्त चिनी जानेवारी १९५४मध्ये तैवानला गेले. उत्तरेच्या ताब्यातल्या २१ अमेरिकनांनी आणि एका ब्रिटिशाने मायदेश नाकारून चीन निवडला, याचा अमेरिकेला बसलेला धक्का कित्येक वर्षे ओसरला नाही.

आणि ८८ जणांनी उत्तर, दक्षिण, चीन, तैवान सगळ्यालाच नकार दिला. आम्हाला तटस्थ देशात न्या, असे ते म्हणाले. त्यांना भारतीय सैन्याबरोबरच फेब्रुवारी १९५४मध्ये मद्रासला आणले गेले. कोरियन लेखक चोई इन-हून यांनी १९६० साली 'चौक' या कादंबरीत अशाच एका कैद्याची गोष्ट लिहिली. त्यातल्या जहाजाचे नाव त्यांनी 'टागोर' ठेवले. खऱ्या ८८ जणांपैकी बरेच पुढे ब्राझील आणि अर्जेंटिनाला जाऊन स्थायिक झाले, आणि मोजके काही भारतातच राहिले.