पडणाऱ्याची करामत

डब्ल्यूडब्ल्यूई या टीव्हीवरच्या कुस्तीतल्या ग्रेट खलीची जाहीर उंची ७ फूट १ इंच आणि वजन ३४७ पौंड, म्हणजे १५७ किलोच्या आसपास. त्याच रिंगमधला रे मिस्टेरिओ ५ फूट ६ इंच आणि १७५ पौंड, वजनाने खलीच्या जेमतेम निम्मा. आता या दोघांना व्हिडिओ गेममध्ये एकमेकांशी झोंबवायचं. एकाने दुसऱ्याची मान धरायची, कमरेला विळखा घालायचा, फिरवून आपटायचं. हे सगळं बटण दाबल्याबरोबर झालं पाहिजे आणि कुणाचा हात कुणाच्या बरगडीतून आरपार जाता कामा नये. क्रिकेटच्या गेममध्ये बॅट आणि चेंडू क्षणभर भेटतात. गाड्यांच्या शर्यतीत दोन गाड्या नुसत्या घासल्या तरी भागतं. कुस्तीत मात्र दोन शरीरं भेटतात आणि सोडायचं नावच घेत नाहीत. हे साधतं तरी कसं?

मी कुस्तीच्या गेमचा जुना चाहता. शाळेच्या बाकाखाली डब्ल्यूडब्ल्यूएफची, म्हणजे आताच्या डब्ल्यूडब्ल्यूईची, ट्रम्प कार्डं खेळणाऱ्या पिढीतला. उंची, वजन, छाती, दंड असे आकडे तेव्हा तोंडपाठ असायचे. पुढे तेच आकडे पडद्यावर चालायला, धडकायला लागले. २००३ साली जपानच्या युक्स कंपनीने प्लेस्टेशन-२ साठी ‘स्मॅकडाउन! हिअर कम्स द पेन’ हा गेम केला. आजही जुने चाहते त्याचं नाव निघालं की हळवे होतात.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात मात्र कुस्ती कळायला टीव्ही लागत नाही. जत्रा आली की कुस्त्यांची दंगल ठरलेली. हलगी कडाडते, बारक्या पोरांच्या नारळाच्या कुस्त्या आधी सुटतात, मोठ्या जोड्या शेवटी लागतात. तालमीच्या हौद्यात तांबड्या मातीत ताक, तेल, लिंबू आणि हळद कालवतात. अशा मातीतल्या जाणत्या पैलवानाला डब्ल्यूडब्ल्यूई दाखवा. दोन मिनिटांत तो म्हणेल, ‘ही नुराकुस्ती आहे, उचलणाऱ्याला खालचा मदत करतोय.’ त्याचं बरोबर आहे. गेमचं सगळं गुपित नेमकं त्या मदतीतच दडलंय.

आधी रिंगणातली गोष्ट पाहू. व्यावसायिक कुस्तीच्या रिंगखाली पोलादी तुळया असतात, त्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर फोमचा पातळ थर आणि वर कॅनव्हास. अशा कठीण जागी रोज पडायचं म्हणजे पडण्याची विद्याच हवी. हनुवटी छातीला टेकवायची, पाठ सपाट ठेवायची, दोन्ही हात पसरून कॅनव्हासवर चापट मारायची. मार मग एका जागी न बसता अंगभर वाटला जातो, शिवाय आवाजही दणक्यात होतो. उचललं जातानाही पडणारा नेमक्या क्षणी उडी घेतो, उचलणाऱ्याच्या मांडीवर हात रेटून स्वतःचं वजन हलकं करतो. प्रेक्षक दाद देतात उचलणाऱ्याला. निम्म्याहून अधिक काम पडणाऱ्याने केलेलं असतं.

आता गेमकडे येऊ. ‘टेकन’सारख्या मारामारीच्या गेममध्ये ठोसे-लाथांपुरता प्रत्येक गडी स्वतंत्र असतो. त्याच्या ठोशाभोवती एक अदृश्य चौकट फिरते. ती समोरच्याच्या चौकटीला लागली की ठोसा बसला. कुस्तीच्या डावाला हा हिशेब पुरत नाही. तिथे एका डावाची हालचाल दोन शरीरांची मिळून एकच असते. त्यासाठी दोन खऱ्या कुस्तीगिरांना घट्ट पोशाख चढवतात, त्यावर प्रकाश परतवणारे बारीक ठिपके लावतात आणि चहूबाजूंच्या कॅमेऱ्यांसमोर डाव करायला लावतात. संगणक त्या ठिपक्यांच्या वाटा टिपतो आणि दोन सांगाड्यांचा एक नाच नोंदवून घेतो. तुम्ही बटण दाबलं की दोन्ही गडी आपापल्या जागेवरून किंचित सरकून त्या नाचाच्या पहिल्या पावलावर येतात. हे सरकणं आपल्या डोळ्यांना कळू न देणं हीच कारागिरी. मूळ नोंद ठरावीक अंगाच्या दोघांची असते. पुढे तीच खली आणि मिस्टेरिओच्या मापाला ओढूनताणून बसवावी लागते. म्हणून बऱ्याच गेममध्ये वजनाची अटही असते: हलका गडी फार जड गड्याला उचलूच शकत नाही.

मला सगळ्यात थक्क करते ती पुढची गोष्ट. दोन मित्र शेजारी बसून खेळतात तेव्हा ते खरेखुरे प्रतिस्पर्धी असतात. कुणालाच हरायचं नसतं. पण पडद्यावरची त्यांची शरीरं त्याच क्षणी एकमेकांना सांभाळून घेत असतात. तुमचा गडी आपटला जाताना हनुवटी आत घेतो, वेळेवर उडी मारतो, हात पसरून पडतो. तुम्ही त्याला तसं सांगितलेलं नसतं. मूळ कुस्तीगिरांचा समजूतदारपणा त्या नोंदीत मुरलेला असतो, आणि संगणक तो तुमच्या नकळत तुमच्या वतीने पाळतो.

आणि निकाल? टीव्हीवरच्या कुस्तीत कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. गेममध्ये ते कुणालाच ठाऊक नसतं. ज्या खेळाला आपण खोटा म्हणतो, त्याची नक्कल करणारा खेळ खरा निघतो. डाव उलटवण्याचंच पाहा. माणसाला काही दिसून बोट हलेपर्यंत पाव सेकंदाच्या आसपास जातो. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये तेवढ्यात सुमारे १५ चित्रं पुढे सरकलेली असतात. त्यामुळे डाव पूर्ण दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालाच समजा. समोरच्याचा खांदा हलला की ओळखावं लागतं. आमच्या जत्रेतला पैलवान नेमकं हेच करतो: पटाचा डाव निघायच्या आधी तो समोरच्याच्या पायाची ठेवण वाचतो.

पण नुसती चपळाई असून भागत नाही, हे जपानच्या एकेआय कंपनीने फार लवकर ओळखलं. २००० साली निन्टेंडो-६४ साठी आलेल्या तिच्या ‘नो मर्सी’मध्ये बटण हलकं टेकवलं तर साधी पकड, दाबून धरलं तर भक्कम पकड. पडद्यावर ताकदीऐवजी जोशाची पट्टी. चांगले डाव टाका, प्रेक्षकांकडे पाहून मिजास दाखवा, पट्टी चढते. ती भरली की हुकमी डाव खुला होतो. गंमत अशी की मिजास दाखवताना तुम्ही उघडे पडता, समोरचा येऊन हाणू शकतो. दंगलीत शड्डू ठोकणाऱ्याला हे सांगायला नको.

ही घडी किती नाजूक आहे ते ती विस्कटली की कळतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेला ‘डब्ल्यूडब्ल्यूई २के२०’ बिघाडांसाठीच गाजला. चेहरे वितळल्यासारखे दिसत, शरीरं रिंगमध्ये रुतत, दोघे जण एकमेकांत अडकून हवेत तरंगत. कळस म्हणजे १ जानेवारी २०२० उजाडला आणि गेम सुरूच होईना. लोकांनी यंत्राचं घड्याळ मागच्या वर्षात नेऊन तो चालवला. पुढच्या वर्षीचा गेम ही मालिका काढणाऱ्या कंपनीने रद्द केला आणि २०२२ च्या मार्चमध्ये नव्या बांधणीचा ‘२के२२’ आणला. हे काम शेकडो माणसांचा ताफाही कधी कधी हरावा इतकं अवघड आहे.

म्हणूनच मॅट डिकी या ब्रिटिश माणसाचं नवल वाटतं. मोठा ताफा नाही, जवळपास एकट्याच्या हिमतीवर त्याने ‘रेसलिंग रिव्होल्यूशन’ आणि त्याची थ्रीडी आवृत्ती फोनसाठी केली. चेहरे ओबडधोबड, नावं काल्पनिक, पण साध्या अँड्रॉइड फोनवरही चालते. महागडं यंत्र घरात नसलेल्या पोरांपर्यंत कुस्तीचा गेम पोचला तो असा. शिवाय त्यात दोन वाटा आहेत. एकीत तुम्ही पैलवान होऊन जिंकायला झटता. दुसरीत तुम्ही पडद्यामागचे आयोजक असता; कोणाची लढत कोणाशी लावायची ते ठरवता आणि लढत किती रंगली यावर तुमचं यश मोजलं जातं. एकाच गेममध्ये खरी स्पर्धाही आहे आणि रचलेलं नाटकही. या धंद्याचा एवढा प्रामाणिक नकाशा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

राहता राहिली आपली मातीची कुस्ती. तिचा असा गेम करायला घेतलात तर अडचण मुळातच येईल. धोबीपछाड खाणारा तुमच्यासाठी उडी मारत नाही; तो शेवटच्या श्वासापर्यंत पाय रोवतो. तिथे आधी नोंदवलेला दोघांचा नाच उपयोगाचा नाही. प्रत्येक क्षणी तोल, घसरण आणि जोर नव्याने मोजावा लागेल. हे आज अवघड आहे, अशक्य नाही. संगणक शिकणाऱ्या एखाद्या पोराने जत्रेतल्या दंगलीला वही घेऊन बसावं, कलाजंग आणि ढाक हे डाव कसे बसतात ते टिपावं आणि सुरुवात करावी.

तोवर वाचकांना एकच सांगणं. पुढच्या वेळी घरातलं पोरगं हा गेम खेळत असेल तर ‘खोटंय ते सगळं’ म्हणून उठू नका. जरा शेजारी बसा आणि उचलणाऱ्याला सोडून पडणाऱ्याकडे बघा. सगळी विद्या त्याच्याकडे आहे.