वाचावे सर्वांनी, लिहावे एकानेच

सुरगाणा हा नाशिक जिल्ह्यातला, गुजरातच्या सीमेवरचा डोंगराळ तालुका. इथून तज्ज्ञ डॉक्टर गाठायला नाशिकला जायचे म्हणजे दिवसभराची मजुरी बुडते. एप्रिल २०२० पासून घरबसल्या सल्ला देणारी सरकारची 'ई-संजीवनी' सेवा अशा भागात मोलाची ठरते. पण तिला इंटरनेट लागते. घरातले इंटरनेट ज्या डबीतून येते, त्या राउटरच्या प्रकृतीकडे मात्र कुणी पाहत नाही.

बहुतेक राउटरमध्ये सेटिंगचे एक पान असते. ते मोबाइलवरही उघडते. अनेक घरांत त्याचा पासवर्ड कारखान्यातून आलेलाच असतो. मग वाय-फाय वापरणारा कुणीही तिथे बदल करू शकतो.

रुग्णालयातला केसपेपर आठवा. परिचारिका तो वाचते, औषध देणारा वाचतो. पण डोस बदलतात ते डॉक्टरच. वाचल्याने सहसा अपाय होत नाही, भलत्याच हाताने खाडाखोड केली तर होतो. राउटरचेही तसेच आहे.

संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेला 'डीएनएस' म्हणतात. राउटरमधले हे सेटिंग बदलले, की नाव बरोबर टाकूनही बनावट पान उघडू शकते. ब्राझीलमध्ये २०११-१२ च्या सुमारास सुमारे ४५ लाख मोडेममध्ये असा बदल करून लोकांची बँकेची माहिती चोरण्यात आली. आपल्याकडे जुलै २०१७ मध्ये एका व्हायरसने कारखान्याचाच पासवर्ड असलेले बीएसएनएलचे हजारो मोडेम बंद पाडले. तेव्हा कंपनीने ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचे आवाहन केले होते.

यावरचा उपाय फुकट आहे आणि दहा-पंधरा मिनिटांत होतो.

• सेटिंगच्या पानाचा पत्ता आणि मूळ पासवर्ड बहुधा राउटरच्या मागे छापलेला असतो. तो पासवर्ड बदला. नवा पासवर्ड वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा आणि घरातल्या वहीत लिहून ठेवा.

• 'रिमोट मॅनेजमेंट' चालू असेल तर बंद करा. म्हणजे बाहेरून इंटरनेटवरून ते पान उघडता येणार नाही.

• पाहुण्यांसाठी 'गेस्ट नेटवर्क' वेगळे ठेवा. त्यावरून सहसा सेटिंगच्या पानापर्यंत पोहोचता येत नाही.

• काम झाले की लॉग-आउट करा. ते पान उघडे राहिले, तर दुसऱ्या एखाद्या फसव्या पानावरूनही राउटरला हुकूम सुटू शकतो.

• राउटर हाताला सहज लागणार नाही असा ठेवा. रिसेटचे बटण दाबून धरले, की तो पुन्हा मूळ पासवर्डवर येतो.

हे जमत नसेल तर जोडणी करून देणाऱ्याकडून समोर बसून करून घ्यावे. पासवर्ड मात्र स्वतः टाकावा. ब्राउझरने 'हे पान सुरक्षित नाही' असे सांगितले, तर तिथे आधार क्रमांक किंवा आजाराची माहिती भरू नये.

लस आजार होण्याआधी घ्यायची असते. हा पासवर्डही आजच बदललेला बरा.