'तालीम' आणि 'अभ्यास' : बालकांच्या व्यायामासंबंधी काही विचार

कोल्हापुरात 'तालीम' हा शब्द उच्चारताच लाल मातीचा आखाडा डोळ्यांपुढे उभा राहतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मात्र 'शिकविणे' असा असून उर्दूत तो आजही शिक्षणाचाच वाचक आहे. तालमीतील 'वस्ताद' हाही फारसी 'उस्ताद', म्हणजे गुरूच होय. उलट, 'अभ्यास' या संस्कृत शब्दात पुनरावृत्तीचा भाव आहे. 'ददाति' या रूपातील पहिल्या 'द'ला पाणिनीय व्याकरणात हीच संज्ञा आहे. मराठीत मात्र मूल अभ्यासाला 'बसते' आणि परीक्षेलाही 'बसते'. अशा रीतीने शिक्षणाचा शब्द आखाड्यात गेला आणि सरावाचा शब्द पुस्तकापाशी बैठक मारून राहिला.

व्युत्पत्ती हा शास्त्रीय पुरावा नव्हे. परंतु शब्दांत दिसणारी ही फारकत शाळेच्या वेळापत्रकातही आढळते. परीक्षा जवळ आली की शारीरिक शिक्षणाचा तास गणिताकडे वळविला जातो. व्यायामाला दिलेला वेळ अभ्यासातून वजा होतो, हे त्यामागील गृहीतक होय. ते कितपत खरे आहे?

कॅनडातील क्वेबेक प्रांतात 1970 ते 1977 या काळात रॉय शेफर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक शाळांतील 546 मुलांवर याच प्रश्नाचा प्रयोग केला. प्रायोगिक वर्गांना आठवड्याला पाच तास जादा व्यायाम दिला. त्यामुळे इतर विषयांचा वेळ घटला. तरीही त्या मुलांची शैक्षणिक प्रगती एकंदरीत खालावली नाही. पुढील इयत्तांत ती किंचित सरसच ठरली. अमेरिकेत चार्ल्स हिलमन प्रभृतींनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सात ते नऊ वर्षांची 221 मुले होती. शाळा सुटल्यानंतर नऊ महिने व्यायाम केलेल्या गटात विचलित करणाऱ्या गोष्टी बाजूस सारून लक्ष टिकविण्याची आणि बदलत्या नियमांशी जुळवून घेण्याची शक्ती अधिक वाढलेली दिसली.

या निष्कर्षांची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. लक्ष सुधारणे म्हणजे गुण वाढणे नव्हे. तंदुरुस्त मूल अभ्यासात पुढे दिसले, तरी त्यामागे घरचा आहार व आर्थिक स्थिती हीही कारणे असू शकतात. म्हणून व्यायामाने गुण हमखास वाढतात, असे म्हणता येणार नाही. व्यायामामुळे अभ्यास बुडतो ही भीती मात्र निराधार ठरते, एवढे निश्चितपणे म्हणावयास हरकत नाही.

कोल्हापूरला हा विचार सर्वस्वी नवा नाही. ज्या राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत 1912 साली खासबागचे कुस्ती मैदान सिद्ध झाले, त्यांनीच 1917 साली संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण जाहीर केले. आखाडा आणि शाळा ही त्यांच्या दृष्टीने परस्परांची प्रतिस्पर्धी नव्हती. तथापि परंपरेने तालीम ही प्रामुख्याने मुलांची जागा होती. अनेक मुलींच्या वाट्याला येणारा नियमित व्यायाम शाळेतील त्या एका तासापुरताच असतो. तो तास काढून घेतला, तर त्याची भरपाई करणारी दुसरी जागा त्यांना सहसा मिळत नाही. वेळापत्रक आखताना हा विचार अग्रस्थानी असला पाहिजे.