मोटारीचे पाणी जाते कोठे?

ग्वाल्हेरचा उन्हाळा कसा असतो हे ज्यांनी तेथे एखादा मे महिना काढला आहे त्यांस सांगावयास नको. सकाळी दहाच्या सुमारास ऊन चटके देऊ लागते, दुपारी पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि ‘लू’ म्हणून ओळखला जाणारा कोरडा, भाजून काढणारा वारा सायंकाळपर्यंत वाहत राहतो. इ. स. १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांच्या सैन्याचा तळ किल्ल्याच्या पायथ्याशी पडला. त्या तळाचेच पुढे शहर झाले आणि ‘लष्कर’ हे नाव त्यास कायमचे चिकटले. तेव्हापासून तेथे मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. आमच्या नाशिक-धुळ्याकडील वाचकांच्या गावांवरून जाणारा आग्रा रोडच पुढे शिवपुरीवरून ग्वाल्हेरात शिरतो, तेव्हा हे शहर आपणांस अगदीच परके नव्हे.

ज्या घरी जुनी मोटार आहे त्या घरी ह्या दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते. मग ती २०१४ साली बंद झालेली अँबॅसडर असो, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली फियाट पद्मिनी असो, की घरोघरी पोचलेली मारुती ८०० असो. “गाडी गरम होते हो, आणि रोज पाणी घालावे लागते.” घरातील कोणी तरी सकाळी तांब्याभर पाणी ओततो, दुसऱ्या दिवशी पुन्हा ओततो, आणि हळूहळू हे काम तुळशीला पाणी घालण्याइतके अंगवळणी पडते. आमच्या मते खरा धोका येथेच आहे. रेडिएटरमधील पाणी हे पेट्रोलाप्रमाणे खर्चावयाचे नसते. तेच ते पाणी फिरून फिरून यावयाचे असते. ते कमी होत असेल तर कोठे तरी जात आहे. कोठे जात आहे हे शोधून न काढता वरून ओतीत राहणे म्हणजे पाच मिनिटांत बदलता आली असती अशा रबरी नळीपायी सबंध इंजिन गमावण्याची तयारी करणे होय.

पुष्कळांची समजूत अशी की दोष उन्हाचा आहे. ती अर्धीच खरी आहे. जळालेल्या पेट्रोलाच्या उष्णतेपैकी साधारण तिसरा हिस्सा पाण्यावाटे बाहेर टाकावा लागतो, आणि ते काम रेडिएटर वाऱ्याच्या साह्याने करतो. पाणी आणि बाहेरची हवा यांच्या उष्णतेत जितके अंतर अधिक, तितके हे काम सुलभ. पाणी ९० अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर अंतर ६५ अंशांचे पडते. ग्वाल्हेरच्या दुपारी हवाच ४५ अंशांवर असली म्हणजे ते अंतर ४५ वर येते. म्हणजे तोच रेडिएटर जवळजवळ एक-तृतीयांशाने दुबळा झाला. निकोप गाडीत एवढी कमतरता सोसण्याइतकी शक्ती मुळातच राखून ठेवलेली असते. जी गाडी जानेवारीत बिनतक्रार चालली आणि जूनमध्ये उकळू लागली, तिच्यातील बिघाड जानेवारीतही होताच; उन्हाने तो फक्त उघडकीस आणला.

आता पाण्याकडे वळू. ते तीन वाटांनी जाऊ शकते. बाहेर गळून, झाकणातून उसळून, अथवा इंजिनाच्या आत शिरून.

बाहेरची गळती शोधण्यास रात्रीची वेळ चांगली. गाडी थंड असता तिच्याखाली जुना पुठ्ठा अंथरून ठेवावा आणि सकाळी डाग कोठे पडला ते पाहावे. मात्र काही गळती अशा असतात की गरम इंजिनावर पाण्याचा थेंब पडताच वाळून जातो व खाली काहीच दिसत नाही. अशा वेळी पाणी न शोधता त्याची खूण शोधावी. रबरी नळ्यांच्या तोंडाशी, पट्ट्यांच्या खाली, रेडिएटरच्या जोडांवर पांढरट किंवा हिरवट पापुद्रा धरलेला दिसला की वाट सापडली. नळी थंड असता बोटांनी दाबून पाहावी. ती चिंध्यासारखी लिबलिबीत झाली असेल, अथवा वाकविल्यावर तडे दिसत असतील, तर तिचे दिवस भरले. पाण्याच्या पंपाच्या बुडाशी एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते. तेथून ठिबकत असेल तर आतील सील गेले असे समजावे. ते भोक बुजविण्याचा शहाणपणा कोणी करू नये. याखेरीज इंजिनाच्या बिडाच्या ब्लॉकला बाजूने पत्र्याच्या वाटोळ्या बुचांनी बंद केलेली छिद्रे असतात. वर्षानुवर्षे साधे पाणी घातलेल्या गाडीत ही बुचे आतून गंजतात आणि एके दिवशी दगा देतात.

झाकणाची गोष्ट जराशी निराळी आहे, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. पुण्याजवळ खडकवासल्याच्या धरणावर विश्वेश्वरय्या यांनी १९०३ साली आपोआप उघडमीट होणारे दरवाजे बसविले. तसेच दरवाजे पुढे ग्वाल्हेरला पाणी पुरविणाऱ्या तिघरा धरणावरही बसविण्यात आले. पाणी ठरलेल्या पातळीवर चढले की दरवाजे उघडावे, उतरले की मिटावे, अशी ती योजना. रेडिएटरचे झाकण हे अशाच दरवाजाचे लहान भावंड होय. आतील दाब ठरलेल्या मर्यादेपर्यंत ते कोंडून धरते, त्यापलीकडे वाट देते. दाब वाढला की पाणी उशिरा उकळते: बाहेरच्या हवेहून दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाब अधिक असेल तर ते १०० ऐवजी १२० अंशांच्या सुमारास उकळते. झाकणाची स्प्रिंग ढिली पडली किंवा रबर फाटले की हा सारा लाभ गेला. पाणी लवकर उकळते आणि उसळून रस्त्यावर सांडते. झाकण ही अगदी स्वस्त वस्तू, तेव्हा संशय आला की प्रथम तेच बदलून पाहावे. मात्र जुन्या गाडीस अधिक दाबाचे झाकण लावू नये. जुन्या रेडिएटरचे डाख त्याने सुटतात.

येथे एक गैरसमजही दूर करावयास हवा. जुन्या अँबॅसडरसारख्या ज्या गाड्यांस सांडलेले पाणी साठविण्याची बाटली नसते, त्यांत काठोकाठ भरलेले पाणी गरम होऊन फुगले की जादा भाग नळीवाटे बाहेर जातोच. मग पातळी तोंडाखाली दोन बोटे स्थिरावते आणि तेथेच राहते. ही गळती नव्हे. रोज सकाळी ते पुन्हा काठोकाठ भरणारा गृहस्थ रोज तेवढेच पाणी रस्त्यास अर्पण करीत असतो.

तिसरी वाट सर्वांत वाईट. इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरील हेड यांच्या मध्ये एक पातळ पत्रा असतो, त्यास हेड गॅस्केट म्हणतात. तो जळाला किंवा फाटला की पाणी सिलिंडरात अथवा तेलात शिरते, आणि सिलिंडरातील वायू पाण्यात घुसतो. बाहेर थेंबही दिसत नाही आणि पाणी मात्र कमी होत राहते. याच्या खुणा ओळखावयाच्या त्या अशा. इंजिन चांगले तापल्यावरही धुराड्यातून दाट पांढरी वाफ येत राहते (ग्वाल्हेरच्या जानेवारीतील गारठ्यात सकाळी थोडी वाफ येते ती वेगळी, त्याने घाबरू नये). तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा साका दिसतो. थंड इंजिन सुरू करून एक मिनिट झाले नाही तोच वरची रबरी नळी दगडासारखी कडक होते. पाणी अजून तापलेलेही नसते, मग हा दाब आला कोठून? चांगल्या गॅरेजात रेडिएटरच्या तोंडाशी एक निळे औषध धरून परीक्षा करतात. जळलेला वायू पाण्यात येत असेल तर ते पिवळे पडते. हेड उघडण्याचा खर्च मान्य करण्यापूर्वी ही परीक्षा करून घेण्याचा आग्रह प्रत्येक मालकाने धरावा असे आम्हांस वाटते. मिस्त्रीवर अविश्वास म्हणून नव्हे. चांगला मिस्त्री स्वतःच ती करील.

गळती नसूनही गाडी तापत असेल तर ती केव्हा तापते हे घरच्यांनी नीट पाहून ठेवावे. लष्करच्या बाजारात बैलगतीने जाताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर लागताच निवते, तर दोष वाऱ्याचा आहे. पंखा फिरत नाही, पट्टा ढिला आहे, किंवा रेडिएटरच्या जाळीत धूळ, किडे व भुसा बसला आहे. उलट बाजारात ठीक चालते आणि शिवपुरीच्या रस्त्यावर वेग घेताच तापते, तर दोष पाण्याच्या प्रवाहाचा आहे. बहुधा रेडिएटरच्या नळ्या आतून चुन्याने भरत आल्या आहेत, किंवा खालची नळी पंपाच्या ओढीने आत चिपळते आहे. आणि जुन्या गाडीत तापण्याबरोबरच चार्जिंगचा लाल दिवा लागला, तर पट्टा तुटला असे समजून तेथल्या तेथे थांबावे. डायनॅमो, पंखा आणि पाण्याचा पंप ही तिन्ही त्या एकाच पट्ट्यावर चालतात.

चुन्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो. बोअरच्या जड पाण्याने भांड्याला जसा पांढरा थर धरतो तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही धरतो. जुने ड्रायव्हर पावसाचे पाणी धरून ठेवीत, ते योग्यच होते. आज बॅटरीचे शुद्ध पाणी आणि कूलंट यांचे मिश्रण सर्वत्र मिळते, तेच घालावे. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर चोंदला तर कारागीर डाख सोडवून वरची टाकी काढतो आणि प्रत्येक नळीतून सळई घालून ती साफ करतो. हे काम फेकून देण्याजोगा दिसणारा रेडिएटरही पुष्कळदा वाचविते. हळदीची पूड टाकून गळती बुजविण्याची युक्ती मात्र घरी पोचण्यापुरतीच बरी. पुढे तीच हळद नळ्यांत बसते. तसेच थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला उष्ण प्रदेशांत सर्रास दिला जातो, तो आम्हांस पटत नाही. त्याने इंजिन थंडीत योग्य उष्णतेस पोचत नाही, पेट्रोल अधिक जळते, आणि मूळ दोष झाकला जातो तो जातोच.

काटा लाल खुणेकडे सरकू लागला की पुढचे गाव गाठण्याचा मोह होतो. तो आवरावा. पद्मिनी व मारुतीसारख्या गाड्यांचे हेड ॲल्युमिनियमचे असते, आणि ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. चार-पाच किलोमीटरांच्या हट्टापायी हेड वाकडे होते. आणखी एक गोष्ट: पाणी सारेच निघून गेले तर काट्याचे टोक भिजत नाही, आणि आत इंजिन भाजत असता काटा उलट खाली पडलेला दिसतो. अचानक थंड झालेल्या काट्यावर विश्वास ठेवू नये.

गाडी सावलीत उभी करून इंजिन बंद करावे आणि मुलांना दूर न्यावे. झाकण उघडू नये. ते उघडताच दाब नाहीसा होतो, कोंडलेले पाणी एका क्षणात उकळून कारंज्यासारखे तोंडावर येते. अशा अपघाताने डोळेही गमावण्याची वेळ येते. अर्धा-पाऊण तास थांबून वरची नळी हातास थंड व मऊ लागली, म्हणजेच जाड फडके धरून झाकण हळूहळू फिरवावे. गरम इंजिनावर थंड पाणी ओतू नये; बीड तडकते. कोणी भाजलाच तर भाजलेल्या जागी नळाचे साधे वाहते पाणी वीस मिनिटे धरावे. बर्फ, तेल, दंतमंजन यांपैकी काही लावू नये, आणि तोंड किंवा डोळे भाजले असतील तर पाणी ओतीत ओतीतच दवाखाना गाठावा.

कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल हे चवीस गोड असून जबर विष आहे. काढलेले जुने कूलंट अंगणात किंवा गटारात ओतू नये. कुत्री, कोंबड्या, गुरे ते चाटतात, लहान मुलेही चाटतात. सरबताच्या बाटलीत तर ते कधीच भरून ठेवू नये. झाकण लावलेल्या डब्यात भरून गॅरेजवाल्याच्या हवाली करावे, आणि मुलाने वा जनावराने एक घोट जरी घेतल्याचा संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरकडे न्यावे. ती काही तासांनी दिसू लागतात, तोपर्यंत मूत्रपिंडांची हानी सुरू झालेली असते.