दूरशिक्षणाने बी.ए. करायचे, पण विषय कोणता?

बारावीचा निकाल लागला की नांदेड आणि लातूरमध्ये घरोघरी एकच प्रश्न असतो, "नीटला किती पडले?" लातूर पॅटर्नचे नाव राज्यभर झाले आहे. नांदेडच्या शिकवणी वर्गांसाठी बाहेरच्या जिल्ह्यांतून मुले येऊन खोल्या करून राहतात. अशा गावात एखाद्या मुलीने आर्ट्स घेतले म्हणून सांगितले की समोरचा "असू द्या, काहीतरी शिकते आहे ना" असे म्हणून विषय बदलतो. ती दूरशिक्षणाने बी.ए. करते म्हटल्यावर तर लग्न ठरेपर्यंतचा वेळ काढते आहे, असेच धरले जाते. देगलूर नाक्यापासून गंजगोलाईपर्यंत आम्ही हे इतक्या वेळा ऐकले आहे की त्यावर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले.

पहिली शंका नेहमी अब्बांची असते, "ही पदवी चालते का?" चालते. मान्यताप्राप्त विद्यापीठाने मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात दूरशिक्षणाने दिलेली पदवी ही नियमित कॉलेजच्या पदवीच्या बरोबरीची समजावी, असे यूजीसीच्या 2020 च्या नियमावलीत आहे आणि 2022 मध्ये यूजीसीने ते पुन्हा जाहीर केले. राज्यसेवेच्या परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. एम.ए. करून नेट-सेट देता येते. म्हणजे अडचण पदवीत नाही. अडचण होते ती फॉर्म भरताना.

फॉर्म कसा भरला जातो ते पाहा. मुलगी घरी असते. भाऊ किंवा मामू नेट कॅफेत जातो. विषयांच्या रकान्यापाशी गाडी अडते, तेव्हा कॅफेवाला म्हणतो, "हे घ्या, हे सोपे आहे." पाच मिनिटांत तीन वर्षांचा निर्णय होतो. पुढे बी.एड.चा विचार मनात आला की मग कळते की शाळेत शिकवले जाणारे विषय ठरलेले आहेत. आपल्या शाळांत नववी-दहावीला भाषा, इतिहास व राज्यशास्त्र आणि भूगोल आहे. समाजशास्त्र आणि मानसशास्त्र हे विषय अकरावी-बारावीला येतात आणि तिथे शिकवायला त्या विषयाचे एम.ए. आणि बी.एड. दोन्ही लागते. ज्यांना माध्यमिक शाळेत शिकवायचे आहे त्यांनी भाषा किंवा इतिहास यांपैकी एक विषय हाताशी ठेवलेला बरा. बी.एड.साठी पदवीला 50 टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना त्यात सवलत आहे. "पास झाले म्हणजे झाले" या हिशेबाने अभ्यास केला तर हे दार थोडक्यासाठी बंद होते.

मानसशास्त्राबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण अलीकडे मुलींना हा विषय फार आवडू लागला आहे. मोबाइलवर समुपदेशनाचे व्हिडिओ पाहून "मला काउन्सिलर व्हायचे आहे" असे सांगणाऱ्या मुली आमच्याकडे येतात. इच्छा चांगली आहे, आपल्या मोहल्ल्यांना अशा व्यक्तींची गरजही आहे. परंतु 2025 च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्र, पोषणशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र असे आरोग्याशी जोडलेले विषय दूरशिक्षणाने आणि ऑनलाइन शिकवायला मनाई केली आहे. याला आधार आहे 2021 च्या आरोग्य व्यवसायांविषयीच्या केंद्रीय कायद्याचा. बी.ए.चे बाकीचे विषय चालू आहेत, फक्त हे विषय त्यातून काढायचे आहेत. तेव्हा आज कोणी एजंट मानसशास्त्राचा दूरशिक्षणाचा नवा प्रवेश देतो म्हणाला तर पैसे देऊ नका. हा विषय खरोखर हवा असेल तर रोज कॉलेजात जावे लागेल, आणि ती चर्चा घरात आधी व्हायला हवी. आम्हाला हा निर्णय पटतो. माणसाच्या मनाशी काम करायचे तर कोणाच्या तरी देखरेखीखाली शिकलेलेच बरे.

मग समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास यांत काय आहे? सच्चर समितीचे नाव आपल्या सभांमधून सगळ्यांनी ऐकले आहे. मार्च 2005 मध्ये ती नेमली गेली, नोव्हेंबर 2006 मध्ये अहवाल संसदेत आला. अध्यक्ष न्यायमूर्ती होते, पण सदस्य-सचिव अबुसालेह शरीफ हे अर्थतज्ज्ञ. किती मुले शाळेत जातात, किती मध्येच सोडतात, सरकारी नोकरीत किती, बँकेचे कर्ज किती जणांना मिळते, हे मोजायला समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकलेली माणसे लागली. महाराष्ट्र सरकारनेही नंतर महमूदुर रहमान यांच्या अध्यक्षतेखाली राज्यातील मुसलमानांचा अभ्यास करून घेतला. आपल्याबद्दलचे असे आकडे उदगीर-कंधारच्या गल्लीत जाऊन गोळा करणारी, आणि दार उघडणाऱ्या खालाजानला नीट प्रश्न विचारू शकणारी मुलगी आपल्यातून का होऊ नये? डॉक्टर हवेत, जरूर हवेत. पण सगळ्याच घरांनी एकाच दारात रांग लावली तर बाकीची दारे रिकामी राहतात.

आता विद्यापीठ आणि भाषा. आमच्या अनुभवात गुणांवर सर्वांत जास्त परिणाम भाषेचा होतो. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये स्थापन झाले; नांदेडला त्याचे विभागीय केंद्र आहे, पुस्तके मराठीत आहेत आणि घरी बसून वाचता येतील अशा पद्धतीने लिहिलेली आहेत. इग्नू 1985 चे. त्याचे प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै सत्रासाठी होतात. स्वाध्याय लिहून द्यावे लागतात आणि त्यांचे गुण निकालात धरले जातात, पण बी.ए.चे साहित्य मुख्यतः हिंदी आणि इंग्रजीत. हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ 1998 चे. तिथे उर्दूतून दूरशिक्षण मिळते आणि निवडक मदरशांच्या सनदाही प्रवेशासाठी चालतात. कोणत्या मदरशांच्या, ती यादी विद्यापीठाकडूनच घ्यावी.

उर्दू माध्यमातून दहावी झालेल्या मुलीने मराठी पुस्तके घ्यावीत की उर्दू? पुढे एम.ए.पर्यंत उर्दूतच शिकायचे असेल किंवा उर्दू शाळेत नोकरी करायची असेल तर उर्दू. स्पर्धा परीक्षा, तलाठी, पंचायत समिती असा विचार असेल तर मराठी, मग पहिले वर्ष थोडे जड गेले तरी चालेल. हे जड जाणे हलके करण्याचा एक उपाय आम्ही मुलींना सांगतो : एका वहीत दोन रकाने करा. तारीख म्हणजे इतिहास, मआशियात म्हणजे अर्थशास्त्र, सियासियात म्हणजे राज्यशास्त्र, जम्हूरियत म्हणजे लोकशाही. अशा दोनेकशे शब्दांनी निम्मे काम होते. तसे पाहिले तर हे आपल्या भागाला नवे नाही. 1918 मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले ते उर्दू माध्यमातच. त्यासाठी अनुवादाचे वेगळे खाते उघडून इतिहास-अर्थशास्त्राची पुस्तके उर्दूत आणली गेली. नांदेड त्याच राज्यातला जिल्हा होता, आणि लातूर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात.

पैसे भरण्याआधी दोन गोष्टी तपासा. विद्यापीठ आणि तो अभ्यासक्रम, दोन्ही यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावरील यादीत त्या वर्षासाठी आहेत का, ते पाहा. 2024 पासून दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठी विद्यार्थ्याला स्वतःचा डेब आयडी काढावा लागतो. तो मुलीच्याच मोबाइल नंबरवर काढा, एजंटच्या नंबरवर नको. "एका वर्षात तीन वर्षांची पदवी" अशी पाटी दिसली तर पुढे चालू लागा. बारावी झालेली नसेल तर आधी बारावी करा, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून ती करता येते. मधली पायरी गाळून घेतलेली पदवी कागदपत्र तपासणीत अडते.

राहिला घरातला वेळ. निकाह झालेल्या मुलींची पुस्तके पलंगाखालच्या पेटीत तशीच राहतात, आणि दोष मात्र दूरशिक्षणाला दिला जातो. सासरी बोलणी चालू असतानाच दोन गोष्टी स्पष्ट ठरवून घ्याव्यात : संपर्क वर्गाला तिला कोण नेणार, आणि परीक्षेच्या दिवसांत स्वयंपाक कोण पाहणार. पुढे बी.ए. चांगल्या गुणांनी झाली आणि घरच्यांचा विश्वास बसला, तर एम.ए.साठी नांदेडला विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, लातूरला त्याचा उपपरिसर आहे. तिथे दूरशिक्षणाच्या गुणपत्रिकेवर अर्ज करता येतो. प्रवेशाची जाहिरात निघण्याआधी गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि स्थलांतर प्रमाणपत्र हातात असू द्या. शेवटचे हे प्रमाणपत्र दूरच्या विद्यापीठाकडून यायला वेळ लागतो, म्हणून निकाल लागला की त्याच आठवड्यात अर्ज टाका.