योशिनो आणि तात्सुता

जपानी ठशांची जुनी चित्रं तुम्ही कॅलेंडरवर नाहीतर एखाद्या पुस्तकात नक्की पाहिली असतील. उंच केशरचना, तिच्यात खोचलेले लांबलांब काटे, पायघोळ किमोनो आणि पोटावर बांधलेला रुंद पट्टा. ‘काय बाई सुरेख नक्षी!’ असं म्हणून आपण पान उलटतो. पुढच्या वेळी जरा थांबा. त्या बाईच्या मागेपुढे दोन लहान मुली उभ्या असतील, त्यांच्याकडे बघा.

ही बाई गणिका. गाठ पुढे बांधलेला पट्टा ही तिची खूण. एदो, म्हणजे आजचं टोकियो, इथे योशिवारा नावाची सरकारमान्य वस्ती होती. १६५७च्या भीषण आगीनंतर ती शहराच्या कडेला हलवली गेली. भोवती खंदक आणि ये-जा करायला एकच मोठा दरवाजा!

त्या लहानग्यांना म्हणत ‘कामुरो’. गरीब आईबाप पैसे उचलत आणि सहा-सात वर्षांची पोर करारानं तिथे येई. चिठ्ठ्या पोचवायच्या, तंबाखूचं तबक पुढे करायचं, मिरवणुकीत सोबत चालायचं, ही तिची कामं. चुणचुणीत मुलींना लिहायवाचायला आणि वाद्य वाजवायलाही शिकवत. तेरा-चौदा वर्षांची झाली की पुढची पायरी, आणि मग तोच धंदा.

१७७६च्या सुमारास इसोदा कोर्युसाई या चित्रकारानं नव्या वर्षाच्या पोशाखांची शंभरावर चित्रांची मालिका सुरू केली. तीत गणिका आहेत आणि बरोबर त्यांच्या कामुरोही. अशा चित्रांतून वस्तीची जाहिरात होई आणि कपड्यांची नवी तऱ्हाही लोकांना कळे. दोघी कामुरोंचे कपडे बहुधा अगदी सारखे, जुळ्या बहिणींसारखे. हा कपडालत्ता पुरवायचा कुणी? तर त्या गणिकेनं! ती स्वतःच कर्जात. पोरींना नटवावं तसं तिचं कर्ज वाढे.

तरीही माया असेलच ना? बड्या गणिकेला ‘ओइरान’ म्हणत. हा शब्द या मुलींच्या ‘आमची ताई’ अशा बोलण्यातून आला, असं सांगतात.

नावंसुद्धा जोडीनं ठेवत. ओगिया या घरातल्या नामांकित हानाओगीच्या कामुरो होत्या योशिनो आणि तात्सुता. योशिनो हे चेरीच्या बहराचं गाव, तात्सुता ही शरदातल्या लाल पानांची नदी. किती गोड नावं! पण ती त्या घराची. एक मुलगी मोठी झाली की तेच नाव दुसरीला मिळे.

जपानात हा धंदा कायद्यानं बंद झाला तो १९५८ साली. चित्रं मात्र उरली, रेशमी नक्षीसकट. त्यांच्या कोपऱ्यात योशिनो आणि तात्सुता ही नावंही छापलेली आहेत. घरी आई त्यांना काय म्हणून हाक मारायची, ते मात्र चित्रावर नाही.